वरून हिरवं, आतून काड्या

सोसायटीच्या कुंपणाला लावलेली जुनी कामिनी किंवा तगर जरा फांद्या बाजूला सारून आत बघावी. बाहेर पानांचा पातळ हिरवा पडदा, आत नुसत्या उघड्या काड्या. माळी मोठ्या कात्रीनं वरवर भादरत राहतो, टोकांना दाट पालवी येते आणि तिच्या सावलीत आतली पानं उजेडाविना गळतात. झुडूप मात्र दर भादरणीला थोडं थोडं बाहेर सरकत जातं.

ते आवाक्यात आणायचं तर जुन्या लाकडावरच करवत चालवावी लागते. ती झाडाला सोसेल का, हे बरंचसं सालीखालच्या सुप्त डोळ्यांवर, म्हणजे न फुटलेल्या अंकुरांवर ठरतं. पानाच्या बेचक्यातला डोळा फुटलाच नाही, तरी पान गळाल्यावर तो वर्षानुवर्षं तिथे टिकू शकतो. शेंडा त्याला दाबून ठेवतो. बाजूच्या फांद्या फुटाव्यात म्हणून तुरीचा शेंडा खुडणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1933 साली फाबा बीन या शेंगवर्गीय पिकाच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापलेल्या टोकावर ऑक्झिन हे संप्रेरक लावलं. शेंडा नसूनही बाजूचे डोळे गप्प राहिले. पण शेंड्याकडून येणारं ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही, मग ते त्याला अडवतं कसं? 2008 मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन या दुसऱ्या संप्रेरकाचा हात दिसला. 2014 मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगात आणखी एक गंमत कळली: शेंडा कापल्यावर खोडातलं ऑक्झिन खालपर्यंत कमी होण्याआधीच खालचे डोळे हलू लागतात, कारण शेंडा ओढून घेत असलेली साखर आता त्यांच्याकडे वळते. म्हणजे शेंडा नुसता हुकूम सोडत नाही, ताटही पळवतो!

सदाहरित झुडपाचं बरंचसं अन्न पानांतच असतं, म्हणून ते एकदम बोडकं करू नये. सगळ्यात जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश बुडाशी कापावीत, उरलेली पुढच्या दोन वर्षांत. उजेड आत पोचला की फुटवे बुडातून येतात. जूनचे पहिले चांगले पाऊस झाल्यावरची वेळ मला बरी वाटते. ओल असते आणि उघडी पडलेली साल उन्हानं भाजत नाही. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे तिची फुलं फार दिवस बंद राहत नाहीत. कुंपणाला आकार देताना बूड रुंद आणि माथा अरुंद ठेवावा, नाहीतर खालच्या फांद्या पुन्हा अंधारात.

मोरपंखीला यातलं काही लागू नाही. तिच्या उघड्या, तपकिरी लाकडावर जिवंत डोळे जवळजवळ नसतात. हिरव्याच्या आत कापलं की तिथे भोक पडतं ते कायमचं. हाताबाहेर गेलेली मोरपंखी काढून नवी लावणं हाच व्यवहार.

कण्हेर मात्र बुडाशी कापली तरी जोमानं फुटते. तिचे सगळे भाग विषारी असल्यामुळे हातमोजे घालावेत, छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेत टाकू नयेत आणि जाळूही नयेत, धूरसुद्धा बाधतो.