मॅग्निट्यूड की इंटेन्सिटी? १९०६ चा सॅन फ्रान्सिस्को भूकंप घेऊन बघू

सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ चा भूकंप ७.९ चा होता, आणि हे वाचून बरेच जण धरून चालतात की अख्ख्या शहराला '७.९ चा धक्का' बसला. तसं नसतं. ७.९ हे मॅग्निट्यूड, ते भूकंपाचं असतं, शहराचं नाही. शहरात जे हललं, जे पडलं ती इंटेन्सिटी, आणि ती एकाच भूकंपात गल्लीगणिक बदलू शकते.

मॅग्निट्यूड म्हणजे जमिनीखाली काय झालं त्याचा हिशोब. १८ एप्रिल १९०६, पहाटे सव्वापाचच्या सुमारास सॅन अँड्रियास फॉल्ट (फॉल्ट म्हणजे जमिनीच्या कवचातली मोठी भेग) जवळपास ४७० किलोमीटर फाटत गेला आणि दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या, काही ठिकाणी तर सहा मीटरच्या आसपास, म्हणजे सरळ कुंपण मधेच तुटून पुढचा तुकडा भलतीकडेच. किती लांब फाटलं, किती खोल, सरासरी किती सरकलं आणि खडक किती ताठ, याचा गुणाकार केला की त्यातून मोमेंट मॅग्निट्यूड निघतं. आकडा एकच, तुम्ही फॉल्टवर उभे असा नाहीतर हजार किलोमीटर लांब. (जुन्या पुस्तकांत ८.३ दिसेल, ते जुन्या पद्धतीचं. आणि रिश्टर स्केल आली १९३५ मध्ये, त्यामुळे त्या दिवशी कोणी 'रिश्टर' मोजत बसलं नव्हतं.)

इंटेन्सिटीसाठी मात्र रस्त्यावर उतरून बघावं लागतं. भूकंपानंतर भूगर्भशास्त्रज्ञ अँड्र्यू लॉसन यांच्या चौकशी कमिशनने हेच केलं, रिपोर्ट १९०८ ला आला, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे एच. ओ. वुड यांचं शहरातलं काम, कुठे धुराडी पडली, कुठे भिंती, कुठे रस्ताच लाटांसारखा वर-खाली झाला. यात मोठी अडचण आगीची. पाण्याच्या पाइपलाइन फुटलेल्या, तीन दिवस शहर जळत होतं, मग पडलेली इमारत भूकंपाने पडली की आगीने हे कसं सांगणार? अशा वेळी वाकलेले ट्रामचे रूळ, खचलेले रस्ते, तुटलेले पाइप उपयोगी पडतात, कारण ते आगीने तसे होत नाहीत.

चित्र काय निघालं, तर खडकाच्या टेकड्यांवर नुकसान कमी आणि भराव घातलेल्या जागी, जुनी दलदल किंवा ओढा बुजवून वर वस्ती केलेली, तिथे भयानक. फॉल्टपासूनचं अंतर जवळपास तेवढंच, तरी हा फरक! सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचं सांता रोझा हे गाव तर फॉल्टपासून तीसेक किलोमीटर आत, पण मऊ गाळावर वसलेलं, तिथलं डाउनटाउन कोसळलं. म्हणून इंटेन्सिटीचा एक आकडा नसतो, नकाशा असतो. आजच्या मर्कॅली स्केलवर ती एक ते बारा, रोमन आकड्यांत लिहितात, दशांश नाही (लॉसनच्या लोकांनी रॉसी-फोरेल ही जुनी स्केल वापरली होती, ती दहापर्यंतच).

बांधकाम करणाऱ्याला यातलं काय हवं? मला विचाराल तर आधी नकाशा. १९८९ चा लोमा प्रिएटा भूकंप ६.९ चा, म्हणजे मॅग्निट्यूड एकने कमी आणि ऊर्जा साधारण ३२ पट कमी, केंद्र सॅन फ्रान्सिस्कोपासून जवळपास शंभर किलोमीटर, तरी शहराच्या मरिना भागात इमारती कोसळल्या, कारण खाली भराव. शहराच्याच साउथ ऑफ मार्केट भागात तर १९०६ ला जिथे जमीन हादऱ्यांनी चिखलासारखी पातळ झाली होती त्यातल्या काही जागी परत तेच झालं.

आणि हे उलटंही वापरतात. १८६८ मध्ये हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला तेव्हा तिथे सिस्मोग्राफच (भूकंप नोंदवणारं यंत्र) नव्हता, मग लोकांनी कुठे काय पडलं, कुठवर जाणवलं हे जे लिहून ठेवलं त्यावरून इंटेन्सिटी लावायची आणि तिच्यावरून मॅग्निट्यूडचा अंदाज काढायचा, तो ६.८ च्या आसपास येतो.