चक्कर कानाची की मेंदूची?

मे महिन्यातली दुपार. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) बाकड्यावर साठीतले एक काकाजी डोळे गच्च मिटून पडलेत, खाली उलटीची बादली. मुलगा सांगतो, "साहेब, बाबाले सकाळपासून गरगरून राह्यलं. वावरातून आले अन् आडवे झाले. ऊन लागलं वाटते." बीपी १६०/९०, शुगर ठीक. चारही हातपाय दणकट, बोलणं स्पष्ट, तोंड सरळ. इंटर्न लकव्याच्या खुणा शोधतो, एकही सापडत नाही. मग चक्कर-उलटीवरचं स्टेमेटिलचं इंजेक्शन, एक सलाइन, "मानेचं आहे, सर्व्हायकल" आणि सुट्टी.

असे बहुतेक पेशंट बरे होतात, म्हणून ही सवय मोडत नाही. पण त्या बाकड्यावर दोन वेगळे आजार अगदी एकाच चेहऱ्याने येऊन पडतात. एक, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे तोल सांभाळणारी आतल्या कानाची नस अचानक सुजणं. दुसरा, मेंदूच्या मागच्या रक्तवाहिन्यांतला स्ट्रोक, म्हणजे लहान मेंदू किंवा ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) रक्तपुरवठा तुटणं. दोन्हींत तासन् तास न थांबणारी चक्कर, उलट्या, डोकं हललं की जास्त त्रास, चालताना झोकांड्या. गडचिरोलीतल्या ८६ गावांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा साधारण सातांपैकी एक मृत्यू स्ट्रोकने झालेला आढळला. तेव्हा 'खेड्यात स्ट्रोक कुठला' ही समजूत आधी बाजूला ठेवायची.

कूस बदलली की मिनिटभराच्या आत येऊन जाणारी चक्कर या वादात धरूच नका. ती बीपीपीव्ही, आतल्या कानातले बारीक कण सरकल्याने येणारी चक्कर; तिची तपासणी वेगळी आणि उपचारही वेगळा. आपला प्रश्न सतत चालू असलेल्या चक्करचा.

इथे हातपाय काही सांगत नाहीत, डोळे सांगतात. काकाजींना समोर बघायला सांगा. न्यूरायटिसमध्ये बुबुळं एकाच दिशेला हिसकतात, निरोगी कानाच्या बाजूला. त्या बाजूला बघितलं की हिसके वाढतात, उलट बाजूला बघितलं की कमी होतात, पण दिशा बदलत नाही. उजवीकडे बघताना उजवे आणि डावीकडे बघताना डावे हिसके आले, किंवा बुबुळं वर-खाली हिसकली, तर तो मेंदूचा आजार समजायचा.

दुसरी तपासणी हेड इम्पल्स, आणि शिकणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते. पेशंटने तुमच्या नाकाकडे बघत राहायचं, तुम्ही त्याचं डोकं थोडंसं, पण झटक्यात वळवायचं. कानाची नस आजारी असेल तर डोळे डोक्यासोबत वाहवत जातात आणि मग एका उडीत नाकावर परततात. ती उडी दिसली की तपासणी 'बिघडलेली', आणि बिघडलेली असणं हीच इथे दिलासा देणारी गोष्ट. डोळे नाकावर घट्ट चिकटून राहिले तर कान शाबूत आहे. कान शाबूत असताना माणूस एवढा गरगरतो आहे, म्हणजे दोष मेंदूत. आम्हाला आयुष्यभर शिकवलेलं असतं की 'नॉर्मल' म्हणजे चांगलं. इथे ते उलटं आहे. मान दुखत असेल किंवा मार लागलेला असेल तर ही तपासणी करू नका, मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असू शकते.

तिसरी तपासणी, एक-एक डोळा आळीपाळीने हाताने झाकायचा. हात काढताच डोळा वर किंवा खाली सरकून जागेवर आला तर ते मेंदूचं लक्षण. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ पेशंटच्या अभ्यासात या तिन्ही मिळून स्ट्रोक ओळखण्यात पहिल्या ४८ तासांतल्या एमआरआयपेक्षाही सरस ठरल्या. सुरुवातीचा एमआरआय १२ टक्के वेळा खोटा निगेटिव्ह आला होता. मात्र तपासणारे त्यातले मुरलेले होते. तुम्ही पहिल्यांदा करत असाल तर निकालावर आंधळा विश्वास टाकू नका, आणि चक्कर व बुबुळांचे हिसके चालू असतानाच करा. चक्कर थांबलेल्या माणसावर हेड इम्पल्स नॉर्मलच येईल आणि तुम्ही उगाच घाबराल. शिवाय अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं असेल तर 'कानाचंच आहे' असं ठरवू नका. कानाला रक्त पुरवणारी शाखा मेंदूच्याच वाहिनीतून निघते. तिथल्या स्ट्रोकमध्ये हेड इम्पल्सही बिघडलेली येते.

एवढं जमलं नाही तरी एक गोष्ट जमेलच. पेशंटला बसवा आणि उभं करा. न्यूरायटिसचा माणूस एका बाजूला कलतो, पण भिंतीला धरून का होईना चार पावलं टाकतो. आधाराशिवाय खाटेवर नीट बसताही येत नसेल तर ती कानाची चक्कर नाही. मी तर हे नियमच करून टाकलं आहे: पायावर उभा न राहिलेला चक्करचा पेशंट घरी जाणार नाही.

वॉलेनबर्ग सिंड्रोमचं चित्र एकदा डोळ्यांसमोर ठेवा. मेड्युलाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सर्वांत खालच्या भागाच्या, बाजूचा हा स्ट्रोक. ताकद पूर्ण शाबूत, म्हणून घरचे आणि डॉक्टर दोघेही फसतात. पण एका बाजूच्या चेहऱ्याला आणि दुसऱ्या बाजूच्या अंगाला गरम-थंड कळत नाही. आंघोळीचं पाणी अर्ध्या अंगाला कोमट लागतं, असं पेशंट सांगतो, पण विचारलं तरच. पापणी थोडी उतरलेली, आवाज घोगरा, न थांबणारी उचकी, पाण्याचा घोट घेताना ठसका.

सीटी साफ आला म्हणून स्ट्रोक नाही, असं कधीच लिहू नका. सीटीने रक्तस्राव दिसतो. लहान मेंदूतला ताजा इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) बहुतेकदा दिसतच नाही. घडी मोजा: माणूस शेवटचा ठीक कधी होता? साडेचार तासांच्या आत, अपंगत्व आणणारी लक्षणं असतील आणि रक्तस्राव नसेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं औषध देता येतं. गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरांच्या वर, म्हणून १०८ ला फोन तपासणी संपायची वाट न बघता. बीपी बघून जिभेखाली निफेडिपिन ठेवण्याचा मोह आवरा. गाठ विरघळवायची नसेल तर २२०/१२० पर्यंत घाई नको. ते गाठीचं औषध द्यायचं असेल तर बीपी आधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं. लहान मेंदूच्या मोठ्या इन्फार्क्टला दोन-चार दिवसांत सूज येऊन ब्रेनस्टेम दाबला जातो. 'कालपासून बरा आहे' म्हणत सुट्टी मागणारा पेशंट तिसऱ्या दिवशी गुंगीत जातो, तो असाच.

न्यूरायटिसचा उपचार साधा. उलटीचं आणि चक्करचं औषध दोन-तीन दिवस, जास्त नाही. ते पुढे चालू ठेवलं तर मेंदूची जुळवून घेण्याची प्रक्रियाच मंदावते. सहा महिने गोळीची स्ट्रिप बाळगणारे पेशंट याच चुकीतून तयार होतात.

पुनर्वसनात दोघांची वाट पुन्हा थोडी जुळते. अंगठा डोळ्यांसमोर धरून मान हलवत नजर त्यावर रोखणं, सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालणं. स्ट्रोकच्या पेशंटचं मात्र गिळणं आधी. घरचे प्रेमाने चहा पाजतात आणि तो श्वासनळीत जातो. चमच्याने थोडं पाणी देऊन ठसका किंवा ओलसर आवाज आला तर तोंडाने काही नाही, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी). पुढे गिळताना मान दुबळ्या बाजूला वळवून शिकवतात. खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद, बीपीची गोळी रोज, नाडी अनियमित लागली तर ईसीजी.

मी काकाजींना शेवटी एकच विचारतो: वावराच्या धुऱ्यावरून पाय न घसरता चालता येऊन राह्यलं का? महिनाभराने ते येतात तेव्हा त्या एका उत्तरावर मला अर्ध्या तपासणीचा अंदाज येतो.