दुर्बिणीला न दिसणारी सूज आणि मिठाचा हिशेब

‘रक्ताच्या एका तपासणीत कळवू, तुमच्या आतड्याला कोणते पदार्थ चालत नाहीत!’ अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर सारख्या येतात. महिनोन्‌महिने पातळ जुलाबांनी बेजार झालेला माणूस त्यांना भुलला तर नवल नाही. मायक्रोस्कोपिक कोलायटिसचे, म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या मोठ्या आतड्याच्या सुजेचे रुग्ण तर जास्तच. निदान होईपर्यंत ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलेलं असतं.

रिपोर्ट खरंच नॉर्मल असतात, हीच या आजाराची गंमत. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली तर आतलं अस्तर बहुतेक वेळा गुलाबी, गुळगुळीत, अगदी निरोगी दिसतं. पण त्याच अस्तराचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वेगळंच चित्र दिसतं. एका प्रकारात अस्तराच्या दर 100 पेशींमागे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी 20 किंवा त्याहून जास्त घुसलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात अस्तराखाली कोलॅजन या प्रथिनाचा पट्टा जाड झालेला असतो, 10 मायक्रॉन किंवा जास्त. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! हा दुसरा प्रकार 1976 मध्ये स्वीडनमधल्या लिंडस्ट्रॉम यांनी वर्णन केला. पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो. जुलाब पाण्यासारखे, रक्त नाही, पण रात्री झोपेतून उठवणारे. कॅन्सरचा धोका याने वाढत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिली भीती तीच असते.

आता प्रश्न असा, की एवढ्याशा सुजेने एवढं पाणी येतं कुठून? खरं तर ते ‘येत’ नाही, बरंचसं ‘जायचं राहतं’. मला या आजारातला सगळ्यात आवडता भाग हाच.

आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आणखी सातेक लिटर पडतं. यातलं बहुतेक लहान आतडं परत शोषतं आणि साधारण दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतं. तिथून शौचावाटे बाहेर पडतं जेमतेम शे-दीडशे मिलिलिटर. म्हणजे उरलेलं सगळं मोठं आतडं रोज मुकाट्याने ओढून घेतं. पण पाणी ओढणारा पंप शरीरात कुठेच नाही. शरीर ओढतं ते मीठ, आणि पाणी त्याच्यामागे जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तोच नियम.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तराच्या पेशींना पोकळीच्या बाजूला सोडियमचे दरवाजे असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘ईनॅक’ म्हणतात. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे रक्ताकडे, एक पंप असतो. तो दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियमचा कायम दुष्काळ असतो आणि पोकळीतलं सोडियम दरवाज्यातून आपोआप आत येत राहतं. बर्लिनच्या संशोधकांनी या रुग्णांच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा सोडियमची ही वाटच अडलेली आढळली. सुजेतले रासायनिक संदेश हे दरवाजे पुरेसे बनू देत नाहीत, शिवाय दोन पेशींमधली शिवणही सैल करतात. मीठ आत गेलं नाही, पाणी पोकळीतच राहिलं, जुलाब झाला.

हे एकदा समजलं की आहाराचा अर्धा गोंधळ सुटतो. आहाराने ही सूज बरी होते असं सिद्ध झालेलं नाही. पण पोकळीत पाणी धरून ठेवणारं आणखी काही आपण वरून घालायचं की नाही, हे आपल्या हातात असतं. न पचलेली साखर नेमकं हेच करते. भारतात बऱ्याच प्रौढांना दुधातली लॅक्टोज नीट पचत नाही. ती मोठ्या आतड्यात पोचते आणि पाणी धरून बसते. ‘शुगर-फ्री’ गोळ्या-च्युइंगममधलं सॉर्बिटॉलही तसंच. आपला दुधाळ चहा तर दुहेरी: लॅक्टोजही, आणि आतड्याला घाई लावणारं कॅफिनही. तळलेलं-तुपकट खाल्लं की पित्त जास्त सुटतं, आणि काही रुग्णांत पित्ताम्लं पुरेशी शोषली न जाता मोठ्या आतड्यात उतरून जुलाब वाढवतात. साबुदाणा वडे आणि शेंगदाण्याच्या आमटीचा उपास ‘हलका’ समजून करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उलट आपली पेज! पाण्याचं खेचणं कणांच्या संख्येवर ठरतं, आकारावर नाही. स्टार्चचा एकेक रेणू प्रचंड मोठा, म्हणून पेजेत कण कमी. लहान आतड्यात त्यातून हळूहळू ग्लुकोज सुटतं, आणि तिथे ग्लुकोज सोबत सोडियमला घेऊन आत जातं. हा मार्ग या आजारात सहसा शाबूत असतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मार्गाच्या भरवशावर मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने कॉलराचे रुग्ण वाचवले होते. कोकणात आजाऱ्याला पेज आणि मिठाचं बोट द्यायची रीत आहे, ती इथे चपखल बसते.

आणि ती जाहिरातीतली तपासणी? ती बहुतेक आयजीजी नावाच्या ॲन्टिबॉडी मोजते. तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच त्यावरून कळतं. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाच्या ॲन्टिबॉडी सापडणारच! त्या यादीवरून निम्मा स्वयंपाक बंद करणं म्हणजे उतारवयात कुपोषण विकत घेणं. त्यापेक्षा वही ठेवावी. एका वेळी एकच पदार्थ दोनेक आठवडे बंद करावा, फरक पडला नाही तर परत सुरू करावा. गव्हाबाबत मात्र उलटा क्रम: या रुग्णांत सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो) नेहमीपेक्षा जास्त आढळतो, म्हणून आधी त्याची रक्ततपासणी, मगच गहू बंद. गहू आधीच सोडला तर तपासणी फसते. आणि सीलिॲक निघालाच, तर हिंगाची डबी वाचावी. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

ताटाइतकाच गोळ्यांचा डबाही तपासायला हवा. गुडघ्यांसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, सकाळी उठल्याबरोबर वर्षानुवर्षं चाललेली ॲसिडिटीची गोळी, नैराश्यावरची काही औषधं यांचा या आजाराशी संबंध दिसलेला आहे, धूम्रपानाचाही. मनाने काही बंद करू नये, पण डबा घेऊन डॉक्टरांकडे जावं. सुजेवर ब्युडेसोनाइड चांगलं लागू पडतं. हे स्टिरॉइड आतड्यात काम करतं आणि रक्तात गेलेला बहुतेक भाग यकृत मोडून टाकतं, म्हणून ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून लगेच घाबरू नये. औषध थांबवल्यावर मात्र अनेकांना त्रास परत सुरू होतो.

ज्यांचं निदानच अजून व्हायचं आहे, त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: अस्तर चांगलं दिसलं, तरी तुकडे घेणार ना?