तिथीची पाऊणपट आणि खडकावरचे मजले

कोकणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, दशमीला साडेसातला. मुंबईकडे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. खडकाळ किनाऱ्यावरच्या जिवांचा अभ्यास इथूनच सुरू होतो, कारण तिथे कोण कुठे राहतं हे पाणी त्या जागेवरून किती वेळ हटतं यावर बरंचसं ठरतं.

याच हिशेबात एक गंमत दडलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी-मध्यरात्री येते, म्हणजे सर्वांत खोल ओहोटी कायम पहाटे नाहीतर संध्याकाळी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या दिवशी, ओहोटी भर दुपारी असते, पण तेव्हा पाणी फार खाली उतरतच नाही. त्यामुळे अगदी खालच्या खडकावरची झोअँथिड या वसाहतीने राहणाऱ्या जिवांची बटणांसारखी चटई किंवा समुद्रफुलं (सी ॲनिमोन) दुपारच्या उन्हात सहसा उघडी पडत नाहीत. भाजून निघतात ते मधल्या आणि वरच्या मजल्यावरचे शंख-शिंपले.

मजले खरोखरच असतात. सर्वांत वर भेगांत बसलेले काही मिलिमीटरचे लिटोरिना शंख, मग बार्नेकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या कवचधारी जिवांचा, खरखरीत पट्टा, खाली कालवं, त्याखाली शेवाळ आणि झोअँथिड. वरची सीमा बहुधा उन्हाने ठरते, खालची शेजाऱ्यांनी. जोसेफ कॉनेल यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगांत हे दिसलं. वरच्या पट्ट्यातल्या बार्नेकलची पिल्लं खालीही रुजत होती, पण तिथली दुसरी, भराभर वाढणारी जात त्यांना उखडून किंवा चिरडून टाकत होती.

म्हणून आधी उंची मोजा, नावं नंतर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आणि उंची मिळते. त्या मिनिटाला पाण्याच्या कडेला खूण करा, म्हणजे तिची उंची कोष्टकातली; लाटा असतील तर दहा लाटांची सरासरी धरा. तिथून वर चढायला गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप उत्तम. महागडं यंत्र खाऱ्या वाऱ्यात लवकर रुसतं. पाइपमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी उंची चुकते, तेव्हा आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते बघा. शिवाय हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण 1 सेंटीमीटर चढतो. वादळी हवेत कोष्टकावर विसंबू नका.

खडकावर ठेवून आतले जीव मोजायची चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची करतात, आतून 50 × 50 सेंटीमीटर. नेमकी इथे चूक होते: पाइपचे तुकडे 50 सेंटीमीटरचे कापले की कोपऱ्यातल्या एल्बो जोडामुळे आतली बाजू वाढते. ती 53 झाली तर क्षेत्र 12 टक्क्यांनी फुगतं आणि सगळे आकडे बिघडतात. पाइपला भोकं पाडा, नाहीतर आतल्या हवेमुळे चौकट डबक्यात तरंगते. दोन्ही दिशांना चार-चार दोऱ्या बांधल्या की 25 घरं होतात, एक घर म्हणजे 4 टक्के.

चौकट कुठे ठेवायची हे डोळ्यांना ठरवू देऊ नका. डोळे रंगीत डबक्याकडेच धावतात. किनाऱ्याला समांतर टेप टाकून फोनवर यादृच्छिक आकडे काढा आणि एकेका उंचीवर किमान पाच चौकटी घ्या. शंख मोजायचे, बार्नेकल आणि झोअँथिडची व्यापलेली टक्केवारी लिहायची. टोपण नसलेलं बार्नेकल मेलेलं असतं, ते वेगळं नोंदवा. शंख उचलून तोंड बघा: आत पाय दिसले तर तो शंखातला खेकडा, गोगलगाय नव्हे. मात्र शंकूच्या आकाराच्या कोनस शंखाला हात लावू नका, त्याचा डंख विषारी असतो. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना रिकामा ठेवू नका. आणि पेन्सिलनेच लिहा, शाई ओल्या कागदावर पसरते.

उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायचा. खालचे स्पंज उन्हात वाळतात, वरचं शेवाळ अंधारात मरतं. प्रवाळाचा मेलेला तुकडाही घरी आणायचा नाही, प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

परतीची वेळ ओहोटीपूर्वीच ठरवा. पाणी सहा तासांत 1, 2, 3, 3, 2, 1 अशा बाराव्या हिश्श्यांनी चढतं. मुंबईत भरती-ओहोटीत 4.2 मीटरचा फरक असलेल्या उधाणात पहिल्या तासाला जेमतेम 35 सेंटीमीटर, तिसऱ्या तासाला मात्र 105. पहिला तास संथ वाटतो म्हणून माणसं रेंगाळतात, आणि तोवर मागची चर भरलेली असते.