काळी दारू की धूररहित दारू? जुन्या लष्करी बंदुकीत काय चालतं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पणजोबांच्या वेळची बंदूक वारसाने परवान्यावर येते आणि पहिला घोळ होतो तो दारूचा. दिसायला काळी म्हणजे काळी दारूच, असं नाही. धूररहित दारूच्या दाण्यांवर बहुधा ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यामुळे तीही काळपट दिसते. काळ्या दारूचे दाणे वेडेवाकडे, कोळशाच्या चुऱ्यासारखे. धूररहितचे एकसारखे, म्हणजे चकत्या, गोळ्या नाहीतर बारीक कांड्या. तरीही नुसत्या नजरेवर विसंबू नये. मूळ सीलबंद डब्यातली नसेल तर ती दारू भरायचीच नाही.

दाब वाढला म्हणून काळ्या दारूचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. धूररहित दारूचं उलटं: दाब चढला की ती आणखी भराभर जळते, आणि त्याने दाब आणखी चढतो. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर नळी मागच्या बाजूला, म्हणजे हाताशी आणि चेहऱ्याशी फुटते. 'थोडी कमी घालू' किंवा 'दोन्ही मिसळू' हे उपाय नव्हेत.

१८५३ ची एनफिल्ड, तिच्यावरून झालेली स्नायडर आणि १८७१ ची मार्टिनी-हेन्री या तिन्ही काळ्या दारूच्याच. मार्टिनीचा लष्करी भार ८५ ग्रेन (साडेपाच ग्रॅम) दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी. स्नायडरचा ७० ग्रेन दारू. हे आकडे धडधाकट नळीचे आहेत. गंजाने खाल्लेल्या नळीला ते लावू नका, आधी जाणत्या गनस्मिथला दाखवा. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फुटते. म्हणून पूर्ण भरल्यावर गज कुठवर जातो तिथे खूण करून ठेवावी.

सगळ्यात फसवी ली-मेटफर्ड. १८८८ च्या या रायफलीचं बोअर (नळीचा आतला व्यास) .३०३ इंचच, पण तिचं पहिलं काडतूस काळ्या दारूचं होतं. पुढे कॉर्डाइट ही धूररहित दारू आली आणि तिचे उथळ आटे (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ च्या ली-एनफिल्डला खोल आटे दिले. तेव्हा नुसत्या बोअरच्या आकड्यावरून काडतूस ठरवू नये.

काळ्या दारूची राख ओलावा ओढते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रातोरात गंज धरतो. त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कापडाने पूर्ण कोरडी करा, मगच तेल. निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा करताना तर हे हमखास करा, कारण पुढचे कित्येक दिवस तिला तुमचा हात लागत नाही.