माध्यमउद्योग-संशोधन, मुंबईतील

चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिरात, ओटीटी अशा व्यवसायांत एखादी कलाकृती कशी घडते, पैसा कुठून येतो, निर्णय कोणाचा आणि राबतो कोण, याचा विद्यापीठीय अभ्यासकांनी त्या व्यवसायातील माणसांत वावरून केलेला अभ्यास. पडद्यावरील कलाकृतीचे रसग्रहण त्यात गौण असते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे आरंभ हॉलिवुडमधला. मानवशास्त्रज्ञ हॉर्टेन्स पाउडरमेकर यांनी १९४६-४७ च्या सुमारास तेथे राहून क्षेत्रकार्य केले. दुसरे मत त्याआधीच्या अमेरिकन नभोवाणी-संशोधनाकडे जाते. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांच्या प्रकल्पात १९३८ पासून तत्त्वचिंतक थिओडोर अडोर्नो काम करीत होते. श्रोत्यांची आवड मोजून द्यायची, की मुळात ती आवड घडवतो कोण हे विचारायचे, यावर दोघांचे पटले नाही. पुढे १९४१ मध्ये लाझार्सफेल्ड यांनी ‘प्रशासकीय’ (उद्योगाला हवी ती माहिती मिळवून देणारे) आणि ‘चिकित्सक’ (त्या उद्योगालाच प्रश्न विचारणारे) संशोधन असा भेद मांडला. उद्योगाबरोबर काम करणाऱ्यापुढे आजही हाच पेच असतो.

मुंबईपुरता वाद निराळा आहे. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या, टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चलच्चित्र समितीने १९२७-२८ मध्ये देशभर ३५३ साक्षीदार तपासले; त्यांपैकी २३९ भारतीय होते. दादासाहेब फाळके यांचीही साक्ष झाली. समिती सरकारी, तिचा रोख सेन्सॉरशिपवर आणि साम्राज्यातील चित्रपटांना प्राधान्य देण्याच्या प्रश्नावर. म्हणून काहीजण तिला संशोधनाच्या इतिहासात धरत नाहीत आणि मानवशास्त्रज्ञ तेजस्विनी गंटी यांच्या १९९६ मधील क्षेत्रकार्यापासून सुरुवात मानतात. सेटवर दीर्घकाळ वावरून केलेला अभ्यास एवढाच निकष लावला, तर हे रास्त आहे. तरीही समितीपासूनचा जुना आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. निर्माते, वितरक, थिएटरमालक आपल्या धंद्याविषयी काय बोलत होते, ते प्रश्नोत्तरांच्या रूपात एवढ्या विस्ताराने आधी कुठे नोंदलेले नाही. आणि बहुतेक मूकपट नष्ट झालेले असताना या साक्षींचे मोल फार मोठे आहे. स्वातंत्र्यानंतर चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या स. का. पाटील समितीत (अहवाल १९५१) तर व्ही. शांताराम स्वतः सदस्य होते. साक्ष देणाऱ्या व्यवसायातला माणूस साक्ष घेणाऱ्यांत येऊन बसला होता.

पद्धती : हिंदी चित्रपट एका छताखाली घडत नाही, कथा, गाणी, नृत्य, मारामारी असे भाग वेगवेगळे कारागीर करतात आणि मग ते जोडले जातात, असे विवेचन चित्रपट-अभ्यासक एम. माधव प्रसाद यांनी १९९८ मध्ये केले. त्यामुळे एका कचेरीत बसून हा अभ्यास होत नाही. गोरेगावची चित्रनगरी (स्थापना १९७७), अंधेरीची निर्मात्यांची कार्यालये, डबिंग स्टुडिओ, कामगारांच्या संघटना, सगळीकडे फिरावे लागते. ‘कोणाकडून आलात?’ हा पहिला प्रश्न असतो. विद्यापीठाच्या पत्रापेक्षा ओळख लवकर दार उघडते, पण ज्याच्या ओळखीने आत शिरलो त्याच्याच नजरेने सेट दिसू लागतो, हा धोका नवख्याच्या लक्षात येत नाही.

मालिकेच्या सेटवर मॉनिटरमागे खुर्ची मिळाली की दिग्दर्शक दिसतो. चहापाणी पाहणाऱ्या स्पॉटदादांच्या चहापाशी उभे राहिले, हेअरताईंच्या खोलीत बसले, की शिफ्ट किती लांबली, नव्वद दिवसांनी मिळायचे पेमेंट आणखी किती रखडले, हे कानावर येते. कॉलशीटवर, म्हणजे कोणी किती वाजता हजर व्हायचे त्या पत्रकावर, कलाकारांचा कॉल नऊचा असतो. लाइटदादांनी त्याआधीच केबल ओढलेल्या असतात.

सहकार्य : काही अभ्यासक आधी व्यवसायात होते. देबश्री मुखर्जी यांनी मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम केले आणि पुढे १९३० च्या दशकातील इथल्या चित्रपट-श्रमाचा इतिहास लिहिला. बाहेरून येणाऱ्याला गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागू शकते. काय छापायचे हे सहीपूर्वीच ठरवून घ्यावे. मुलाखत देणाऱ्याला त्याचे शब्द तपासायला जरूर द्यावेत, निष्कर्ष मात्र निर्मात्याकडून मंजूर करून घेऊ नयेत. रोजंदारीवरच्या माणसाचे नाव छापले तर त्याचे पुढचे काम जाऊ शकते, म्हणून नाव बदलण्याची काळजी त्याच्यासाठी सर्वांत आधी घ्यायला हवी.

कागदपत्रे : मालाडला १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजची छायाचित्रे आणि कागद तिचे संस्थापक हिमांशू राय यांच्या वारसांनी मेलबर्नमध्ये जपले, तिथले छायालेखक जोसेफ विर्शिंग यांची छायाचित्रेही कुटुंबाने सांभाळली. कुटुंबांशी जोडलेल्या अशा नात्यांतूनच बरेच संशोधन शक्य झाले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) हा दुसरा आधार.

दूरचित्रवाणी आणि ओटीटीचा कागद याहून लवकर नाहीसा होतो. कॉलशीट आता व्हॉट्सॲपवर येते. मालिका संपून ग्रुप बंद झाला की तीही जाते.