आधी कोण, नंतर कोण : जावास्क्रिप्ट बंडलर आणि स्टाइलशीट यांची पार्श्वभूमी

वेबपॅक या बंडलरवर, म्हणजे वेबसाइटच्या अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनावर, उभ्या असलेल्या बहुतेक प्रकल्पांच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक नियम जवळजवळ शब्दशः सारखा आढळतो. ज्या फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट सीएसएस' असा आहे (म्हणजे पानाचे रूप ठरवणारी स्टाइलशीट) तिच्यासाठी आधी 'स्टाइल-लोडर' आणि मग 'सीएसएस-लोडर' लिहायचा, असा तो नियम. (लोडर म्हणजे फाइल वेबपॅकला वापरता येईल अशा रूपात आणणारे जोड-साधन.) जुन्या प्रकल्पातून नव्या प्रकल्पात तो चिकटवला जातो आणि काम चालते, त्यामुळे दोन लोडर कशासाठी आणि ते याच क्रमाने का, याचा विचार करण्याची वेळ सहसा बिल्ड, म्हणजे अंतिम फाइली तयार करण्याची प्रक्रिया, कोसळल्यावरच येते. या नियमाभोवती गेल्या दहा-बारा वर्षांत जमत गेलेले पर्याय, प्लगइन आणि इशारे विस्कळीत वाटतात खरे, परंतु त्यांतील बरेचसे एकाच अडचणीतून निघालेले आहेत. जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलना (कोडच्या स्वतंत्र तुकड्यांना) परस्परांवरील अवलंबन सांभाळले गेले की पुरते. स्टाइलशीटमध्ये मात्र मजकुराचा क्रम हाच अर्थाचा भाग असतो.

ही अडचण सीएसएसच्या जन्मापासूनची आहे. होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या संशोधन संस्थेत असताना, सीएसएसचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस यांच्यासह त्याला आकार आला आणि डिसेंबर १९९६ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने त्याची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. एकाच घटकाला अनेक ठिकाणांहून आलेले नियम लागू होऊ शकतात, हे त्या रचनेत गृहीतच होते. दोन नियमांचे वजन समान असेल तर जो नंतर येईल तो लागू होतो. लेखकाची शैली, वाचकाची पसंती आणि ब्राउझरचे मूळ नियम एकत्र नांदावेत यासाठी हा निवाडा सोयीचा होता. शेकडो फाइलींमध्ये विखुरलेल्या एखाद्या ॲप्लिकेशनची शैली कोणी यंत्राकडून जुळवून घेईल, हे तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते.

बंडलर येण्यापूर्वी हा क्रम माणूस ठरवत असे. एचटीएमएलच्या शीर्षभागात लिंक टॅग एकाखाली एक लिहिले जात आणि त्यांची उतरंड हाच क्रम असे. एका स्टाइलशीटमधून दुसरी बोलावणारा 'ॲट-इम्पोर्ट' उपलब्ध होता, पण पहिली फाइल उतरवून वाचल्याशिवाय ब्राउझरला दुसरीचा पत्ता लागत नसल्याने पान उशिरा रंगत असे. विनंत्यांची संख्या कमी करा, हा त्या काळातील वेगवर्धनाचा मुख्य सल्ला होता आणि त्यातून सगळ्या फाइली जोडून एकच मोठी फाइल करण्याची पद्धत रूढ झाली. तिलाही मर्यादा होत्या. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या ते नवव्या आवृत्त्या एका पानावर ३१ पेक्षा जास्त स्टाइलशीट मानत नसत आणि एका शीटमधील ४,०९५ सिलेक्टरांनंतरचा (सिलेक्टर म्हणजे नियम कशाला लागू हे सांगणारा भाग) मजकूर निमूटपणे सोडून देत. सीएसएस लिहिणे सोपे करणाऱ्या भाषांपैकी सॅस २००६ मध्ये आणि लेस २००९ मध्ये आले. ग्रंट, गल्प यांसारख्या साधनांनी जोडणीचे काम हाती घेतले. मात्र कोणती फाइल कोणाच्या आधी, ही यादी अजूनही कोणीतरी हाताने लिहीत होते. ती सांभाळणे कंटाळवाणे असले तरी क्रमाचा निर्णय एका जागी, सर्वांना दिसेल असा लिहिलेला होता. ही सोय पुढे गेली, आणि ती गेल्याचे बऱ्याच उशिरा लक्षात आले.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) आणि एनपीएम (त्याची पॅकेजे वाटणारी व्यवस्था) आल्यानंतर जावास्क्रिप्टमध्ये मॉड्यूलची सवय रुजली. ब्राउझरिफाय या बंडलरने तीच पद्धत ब्राउझरपर्यंत आणली. टोबियास कोपर्स यांनी २०१२ मध्ये वेबपॅकचे काम सुरू केले ते मुख्यतः कोड स्प्लिटिंगसाठी, म्हणजे ॲप्लिकेशनचे तुकडे करून लागेल तेव्हाच लागेल तो तुकडा उतरवण्यासाठी. ही कल्पना त्यांना गूगलच्या जीडब्ल्यूटी या वेब-विकासाच्या साधनसंचात दिसली होती. वेबपॅकचा दुसरा निर्णय अधिक धाडसी होता. जावास्क्रिप्टच काय, चित्र, फॉन्ट, स्टाइलशीट असे काहीही मॉड्यूल मानता येईल, फक्त त्याचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा लोडर हवा. बटनाच्या जावास्क्रिप्ट फाइलमधूनच बटनाची सीएसएस फाइल इम्पोर्ट करायची, हे आज अंगवळणी पडले आहे. त्या काळी ते अनेकांना विचित्र वाटले आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. स्टाइलशीटला जावास्क्रिप्टवर अवलंबून राहण्याचे काही कारण नसते, या पद्धतीत ते निर्माण केले गेले. बदल्यात मिळाले ते असे : घटक काढून टाकला की त्याची शैलीही बिल्डमधून आपोआप जाते, आणि कोड स्प्लिटिंगमध्ये तुकड्याबरोबर त्याची शैलीही प्रवास करते.

लोडरांच्या जोडीतील श्रमविभागणी इथून आली. सीएसएस-लोडर स्टाइलशीट वाचतो, तिच्यातील ॲट-इम्पोर्ट आणि 'यूआरएल' ही अवलंबने म्हणून वेबपॅकच्या हवाली करतो आणि मजकूर एका जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये गुंडाळून देतो. तो मजकूर पानावर नेण्याचे काम त्याचे नाही. ते स्टाइल-लोडर करतो; पान चालू असताना स्टाइल टॅग तयार करून त्यात मजकूर भरतो. लोडरांची साखळी उजवीकडून डावीकडे चालते, गणितात एका फलनात दुसरे फलन बसवल्यावर आतले आधी सोडवतात तशी. जोडी उलटी लिहिली तर स्टाइल-लोडरने तयार केलेला जावास्क्रिप्टचा मजकूर सीएसएस-लोडरच्या हाती पडतो, तो त्याला सीएसएस समजून वाचू पाहतो आणि 'अननोन वर्ड' अशी तक्रार करून थांबतो. सीएसएस-लोडर लिहायचाच राहिला तर उलट घडते : निखळ सीएसएस जावास्क्रिप्ट म्हणून वाचली जाते आणि या फाइलसाठी योग्य लोडर लागेल, असा वेबपॅकचा सुपरिचित संदेश येतो.

साखळीत सॅस किंवा पोस्टसीएसएसचा (सीएसएसवर प्रक्रिया करणाऱ्या साधनाचा) लोडर वाढला की 'इम्पोर्टलोडर्स' नावाचा एक पर्याय समोर येतो, जो अनेक कॉन्फिगरेशनमध्ये काहीच न समजता १ किंवा २ असा भरलेला असतो. त्याचा अर्थ साधा आहे. मुख्य स्टाइलशीट साखळीतून पूर्ण जाते. पण तिच्यात ॲट-इम्पोर्टने बोलावलेली फाइल सीएसएस-लोडरला मध्येच सापडते, तेव्हा तिच्यावर आधीचे किती लोडर चालवायचे, हा आकडा तिथे द्यायचा असतो. मूळ किंमत शून्य आहे. त्यामुळे ऑटोप्रिफिक्सर (ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडणारे साधन) बसवलेला असूनही इम्पोर्ट केलेल्या फाइलीतील नियमांना ब्राउझरचे उपसर्ग लागत नाहीत, आणि हा दोष जुन्या ब्राउझरवर पान उघडेपर्यंत नजरेस येत नाही.

शैली जावास्क्रिप्टच्या पोटात ठेवण्याचे तोटे लवकरच दिसले. जावास्क्रिप्ट उतरून चालू होईपर्यंत पान उघडेबोडके दिसे, आणि शैलीत एक रंग बदलला तरी अख्खे जावास्क्रिप्ट बंडल पुन्हा उतरवावे लागे. म्हणून अंतिम बिल्डमध्ये शैली वेगळ्या फाइलीत काढणारे 'एक्स्ट्रॅक्ट-टेक्स्ट' प्लगइन आले. २०१८ मध्ये वेबपॅक ४ बरोबर त्याची जागा 'मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्ट' प्लगइनने घेतली. विकासाच्या वेळी मात्र स्टाइल-लोडरच सोयीचा, कारण पान पुन्हा न उघडता बदल क्षणात दिसतो. या व्यवस्थेत एकाच प्रकल्पाची शैली दोन वेगळ्या वाटांनी पानावर पोहोचू लागली आणि दोन्ही वाटांवर नियमांचा क्रम सारखाच राहील याची हमी नव्हती. माझ्या यंत्रावर बरोबर दिसते, प्रत्यक्ष साइटवर बटनाचा रंग वेगळा, ही तक्रार त्यातूनच येते.

मिनी-सीएसएस-एक्स्ट्रॅक्टचा 'कॉन्फ्लिक्टिंग ऑर्डर' हा इशारा या संदर्भात वाचण्यासारखा आहे. समजा, एका पानाच्या फाइलीत आधी बटन आणि मग कार्ड इम्पोर्ट केले आहे, दुसऱ्या पानाच्या फाइलीत आधी कार्ड आणि मग बटन. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही, कारण बटन आणि कार्ड एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि कोणतेही आधी चालले तरी परिणाम तोच. पण दोन्ही पानांची शैली एकाच सीएसएस फाइलीत उतरवायची तर बटन तरी वर राहील किंवा कार्ड तरी. दोघांपैकी एका पानाची अपेक्षा मोडणारच. प्लगइन एक क्रम निवडतो आणि इशारा देतो. तो बंद करण्यासाठी 'इग्नोरऑर्डर' हा पर्याय आहे आणि तो सर्रास वापरला जातो. नियम एकमेकांच्या वाटेला जात नसतील, तर त्यात धोका नाही. जात असतील, तर प्रश्न फक्त नजरेआड होतो. इम्पोर्टच्या ओळी वर्णक्रमाने लावणारी साधने प्रकल्पात असतील तर हा क्रम कोणाच्याही लक्षात न येता बदलू शकतो, कारण त्या साधनांच्या लेखी ओळींची अदलाबदल निरुपद्रवी असते.

क्रमाचे ओझे कमी करण्याचा दुसरा मार्ग नावांतून गेला. यांडेक्समध्ये घडलेल्या बेम पद्धतीने क्लासच्या (शैली लावण्यासाठी घटकाला दिलेल्या खुणेच्या) नावातच घटकाचे नाव घालण्याची शिस्त लावली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकचे क्रिस्टोफर शेडो यांनी एका भाषणात मोठ्या प्रमाणावर सीएसएस वापरताना येणाऱ्या अडचणींची यादी मांडली. सर्व नावे जागतिक असणे ही त्यातील पहिली, आणि फाइली कोणत्या क्रमाने उतरतील यावर निकाल अवलंबून राहणे हीही त्यात होती. त्यांचा उपाय शैली जावास्क्रिप्टमध्येच लिहिण्याचा होता, आणि त्या धाग्यातून पुढे २०१६ मध्ये स्टाइल्ड-कंपोनंट्ससारखी ग्रंथालये (लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच) आली. बंडलरच्या बाजूने आलेले उत्तर म्हणजे सीएसएस मॉड्यूल्स. ग्लेन मॅडर्न, मार्क डाल्ग्लिश आणि स्वतः कोपर्स यांच्या कामातून २०१५ मध्ये ते आकाराला आले. फाइल साध्या सीएसएसमध्येच लिहायची, बिल्डच्या वेळी प्रत्येक क्लासला अनन्य नाव मिळते आणि मूळ नाव ते नवे नाव असा तक्ता जावास्क्रिप्टला इम्पोर्टमधून मिळतो. घटकाने घटकाचे नियम चुकून खोडण्याचा प्रश्न यामुळे बराचसा सुटतो. एकाच घटकाला बाहेरून दुसरा क्लास देऊन त्याची शैली बदलायची असेल तर मात्र क्रम पुन्हा आडवा येतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत टिकाऊ ठरलेली कल्पना सीएसएस मॉड्यूल्सचीच आहे.

वेबपॅक ४ मध्ये आणखी एक पेच पडला. न वापरलेला कोड गाळण्यासाठी पॅकेजच्या माहितीफाइलीत 'साइडइफेक्ट्स' हे विधान आले. त्याची किंमत 'फॉल्स' ठेवली तर, ज्या मॉड्यूलमधून काहीही नाव घेऊन वापरलेले नाही ते बिनदिक्कत गाळावे, असा अर्थ होतो. सीएसएसचा साधा इम्पोर्ट नेमका तसाच असतो : फाइलीतून काही घेतलेले नसते, तिचा परिणाम तेवढा हवा असतो. त्यामुळे शैली अंतिम बिल्डमधून गायब होते आणि वेबपॅक ४ मध्ये विकासाच्या वेळी मात्र सारे ठीक दिसे. सीएसएस फाइली त्या विधानात अपवाद म्हणून नोंदवणे हा उपाय आहे आणि घटकांची ग्रंथालये प्रसिद्ध करणाऱ्यांनी तो विसरणे महागात पडते.

फॉन्ट आणि चित्रांची बाजू थोडक्यात. सीएसएसमधील यूआरएल सोडवण्यासाठी 'फाइल-लोडर' आणि 'यूआरएल-लोडर' होते. ऑक्टोबर २०२० मधील वेबपॅक ५ ने त्यांची जागा अंगभूत ॲसेट मॉड्यूलना दिली. यूआरएल-लोडरला मर्यादा न दिल्यास तो प्रत्येक फाइल बेस-६४ रूपात (म्हणजे अक्षरांच्या मजकुरात बदलून) शैलीतच कोंबत असे आणि त्याने आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मराठी साइटना याचा फटका अधिक बसे, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल केवळ रोमन अक्षरे असलेल्या फॉन्टपेक्षा सहसा बरीच मोठी असते.

दरम्यान कॉन्फिगरेशनचाच कंटाळा येऊ लागला होता. २०१६ मधील क्रिएट-रिॲक्ट-ॲप या तयार आराखडा देणाऱ्या साधनाने ते दृष्टीआड ठेवले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या पार्सल या बंडलरने ते लागूच नये असा पवित्रा घेतला. नेक्स्ट-जेएस या वेब-ॲप्लिकेशन उभारण्याच्या चौकटीच्या जानेवारी २०२० मधील ९.२ आवृत्तीने अंगभूत सीएसएस देताना एक कडक अट घातली : जागतिक स्टाइलशीट फक्त ॲप्लिकेशनच्या एका ठरावीक मूळ फाइलीतूनच इम्पोर्ट करता येईल, घटकांसाठी सीएसएस मॉड्यूल्स वापरावेत. अनेकांना ती जाचक वाटली. प्रत्यक्षात, लिंक टॅगच्या काळात असलेली एका जागची यादी तिने वेगळ्या रूपात परत आणली.

त्याच वर्षी इव्हान वॉलेस यांचे ईएसबिल्ड आणि इव्हान यू यांचे वीट आले. दोन्हींत सीएसएस ही बंडलरला मुळातच समजणारी गोष्ट आहे, लोडर जोडावा लागत नाही. वीटमध्ये विकासाच्या वेळी शैली स्टाइल टॅगमधून येते आणि अंतिम बिल्डमध्ये ती वेगळ्या फाइलींत काढली जाते, म्हणजे दोन वाटांची जुनी विभागणी तिथेही आहे, फक्त ती वापरणाऱ्याला लिहावी लागत नाही. पार्सलच्या मंडळींनी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला सीएसएसचा वाचक पुढे लाइटनिंग-सीएसएस या नावाने स्वतंत्र झाला आणि वीटनेही २०२३ मध्ये तो प्रायोगिक पर्याय म्हणून घेतला. वेबपॅक ५ मध्येही सीएसएसचा अंगभूत आधार 'एक्सपेरिमेंट्स' या सदराखाली आला.

क्रमाच्या मूळ प्रश्नाला पहिले थेट उत्तर बंडलरने दिले नाही, ते सीएसएसमधूनच आले. 'ॲट-लेयर' हा नियम २०२२ च्या पूर्वार्धात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींमध्ये पोहोचला. मूळ शैली, घटक, उपयोगी क्लास अशा थरांची उतरंड एका ओळीत जाहीर केली की पुढे नियम कोणत्याही फाइलीतून, कोणत्याही क्रमाने आले तरी थरांतील वरचढपणा बदलत नाही. थराबाहेर राहिलेले साधे नियम मात्र सर्व थरांवर मात करतात, त्यामुळे जुन्या प्रकल्पात हे अर्धवट आणले तर उलटे परिणाम दिसतात. शिवाय थरांचा क्रम त्यांचे नाव प्रथम जिथे येते त्यावरून ठरतो. म्हणून ती एक ओळ इतर सर्व शैलींच्या आधी पानावर पोहोचली पाहिजे. एचटीएमएलच्या शीर्षभागात ती थेट लिहिणे हा खात्रीचा मार्ग. नाहीतर ती स्वतंत्र फाइलीत ठेवून प्रवेश-फाइलीतील (बंडलर जिथून सुरुवात करतो त्या फाइलीतील) पहिलाच इम्पोर्ट म्हणून लिहावी लागते आणि इम्पोर्ट लावणाऱ्या साधनाला तिला हात न लावण्याची सूचना द्यावी लागते.